ताशी आठ किलोमीटर

दक्षिण फ्रान्समधल्या कनाल दु मिदी या कालव्यावर बोटीने ताशी 8 किलोमीटरच्या वर जायचं नाही, असा नियम आहे. घरी बसून वाचला तेव्हा तो मला जाचक वाटला होता. बोटीत बसल्यावर कळलं की फ्रेंच सरकारच्या आपल्याकडून उगाच मोठ्या अपेक्षा आहेत. चार माणसं, चार भाड्याच्या सायकली, बॅगांची चळत आणि मेहुण्याने श्टुटगार्टहून आणलेलं बासमतीचं पोतं एवढा ऐवज घेऊन आमची बोट सहापर्यंत पोचली तरी कण्हायला लागायची. काठाने पळणारा एखादा माणूस मागून यायचा, 'बोंजूर' म्हणायचा आणि वळणाआड दिसेनासा व्हायचा. त्याचं काही वाटत नाही, तो पळतच होता. पण त्याच्या मागून कुत्र्याला फिरवायला निघालेल्या आजीबाई यायच्या. त्याही बोंजूर म्हणून पुढे जायच्या. कुत्रं एखाद्या झाडापाशी अडलं की आम्ही त्यांना गाठायचो, पुन्हा बोंजूर. कुत्र्याचं आटोपलं की त्या परत पुढे. अशी ओळख वाढत गेली. शेवटी त्या हात हलवून आपल्या घराच्या फाटकातून आत गेल्या, तेव्हा बायकोला अगदी चुकल्याचुकल्यासारखं झालं.

ही सगळी कल्पना बायकोचीच. त्याआधीच्या युरोप टूरमध्ये आम्ही बसच्या खिडकीतून इतकं काही पाहिलं होतं, की घरी आल्यावर फोटोतलं कुठलं चर्च कुठल्या गावचं यावरून आमचे दोन दिवस भांडणात गेले. "यंदा काहीही बघायचं नाही," ती म्हणाली. "नुसतं पाण्यावर बसायचं. वाटलं तर उतरून सायकल. बाकी निवांत."

तिचा धाकटा भाऊ इंजिनिअर आहे, आणि जर्मनीत राहून तो जास्तच इंजिनिअर झाला आहे. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "निवांत म्हणजे किती वाजल्यापासून, ताई?"

पुढच्या आठवड्यात त्याने एक्सेल शीट पाठवली. त्यात '7.00 ते 7.40: निवांत चहा' असा रकाना होता. '7.40: दोर सोडणे' असा दुसरा. '17.30 ते 18.15: सूर्यास्ताचा आनंद' हाही होता. जूनमध्ये तिकडे सूर्य साडेनऊपर्यंत मावळत नाही हे वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, निदर्शनास आणून दिलं. त्याने आनंद रात्रीत ढकलला, पण शीट ठेवली.

खरं तर या कालव्याचा जन्मच घाईतून झाला आहे. फ्रान्सच्या दोन समुद्रांमध्ये माल न्यायचा तर जहाजाला अख्ख्या स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमधून जावं लागायचं. त्यात महिना मोडायचा आणि वाटेत चाचे भेटायचे. बेझिएचा पिएर-पॉल रिके नावाचा गृहस्थ म्हणाला, मधूनच पाणी काढतो. हा कोणी स्थापत्यशास्त्री नव्हता. तो मिठावरचा कर वसूल करायचा, त्यामुळे लोकांच्या शिव्या खायची सवय होती, आणि मोठ्या कामाला हीच पात्रता पुरते. 14व्या लुईने 1666 मध्ये हुकूम काढला. हजारो बाया-माणसं खणायला लागली. रिके त्यांना रविवारचा आणि पावसाच्या दिवसाचाही रोज द्यायचा. त्या काळी हे इतकं विलक्षण होतं की माणसं तिथे टिकली. कालवा 1681 मध्ये पाण्याने भरला. रिके त्याआधी काही महिने, आपली सगळी पुंजी त्यात ओतून, कर्जबाजारी होऊन गेला. 240 किलोमीटर, तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या खाडीपर्यंत. वेळ वाचावा म्हणून एका माणसाने एवढा जीव काढला. पुढे रेल्वे आली, वेळ वाचवायचं काम तिने घेतलं, आणि आता जगभरातून माणसं येतात ती रिकेच्या पाण्यावर वेळ घालवायला. तेही आगाऊ भाडं भरून.

आम्ही बोट घेतली कास्तेलनोदारीला. या बोटींना लायसन्स लागत नाही. आपल्याकडे ॲक्टिवाला लागतं; इथे बारा मीटरचं तरंगतं घर एका सहीवर हातात देतात. सहीच्या आधी पंधरा-वीस मिनिटांचं शिक्षण असतं. ते देणारा पोरगा तोंडातली सिगरेट न काढता म्हणाला, "हे पुढे. हे मागे."

"ब्रेक?" मेहुण्याने वहीत लिहून घेत विचारलं.

"नाही."

"मग थांबायचं कसं?"

"आधीपासून," पोरगा म्हणाला आणि संडासाचा पंप दाखवायला घेऊन गेला. तो पंप त्याने बोटीपेक्षा जास्त वेळ समजावला. चौथ्या दिवशी त्याचं कारण आमच्या लक्षात आलं, पण तो विषय इथे नको.

बोटीचा स्वभाव असा की चाक फिरवलं की ती आधी विचार करते. आपण चाक उजवीकडे फिरवतो, काहीच होत नाही. आणखी फिरवतो. तोवर पहिल्या फिरवण्याचा निर्णय लागतो, मग दुसऱ्याचा लागतो आणि बोट सरळ वेतात घुसायला निघते. घाबरून डावीकडे फिरवलं की तीच सुनावणी पुन्हा पहिल्यापासून.

"आपण काठावर का चाललोय?" बायको आतून विचारायची.

"चाललो नाही गं. मघाशी वळवली होती, ती आता वळतेय."

"मग आता परत वळव ना."

"वळवली आहे. ती होईल थोड्या वेळाने."

कास्तेलनोदारीच्या बंदरातून बाहेर पडलं की नवशिक्याला सराव करायला म्हणून एखादा सरळ पट्टा द्यावा की नाही? नाही. तिथे लगेच एकाखाली एक चार कोठ्यांचं लॉक आहे. लॉक म्हणजे दोन दारांमधला पाण्याचा हौद: बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, हौदातलं पाणी सोडायचं, बोट खाली उतरली की पुढचं दार उघडायचं. रिकेने हे हौद मधोमध फुगीर, लंबगोल बांधले, कारण सुरुवातीला सरळ भिंतीचं बांधलेलं एक मातीच्या रेट्याने आत कोसळलं होतं. गोलाई भिंतीला चांगली, बोटीला वाईट. बोट सरळ आणि भिंत वाकडी, त्यामुळे नेमकी कुठली बाजू आपटणार याचा अंदाज शेवटपर्यंत लागत नाही.

वाटणी अशी होती की चाक माझ्याकडे, मागचा दोर बायकोकडे, पुढचा मेहुण्याकडे आणि सूचना वहिनींकडे. दोर काठावरच्या लोखंडी खुंट्याला नुसता वेढायचा आणि दुसरं टोक हातात धरून बोट उतरेल तसा सोडत राहायचा, एवढंच काम. पण मेहुण्याने लहानपणी स्काउटमध्ये बक्षीस मिळवलेलं आहे. त्याने खुंट्याला अशी गाठ मारली की ती बघून बाजूच्या बोटीवरची मुलंसुद्धा गप्प झाली. पाणी उतरायला लागलं. बोटीचा मागचा भाग पाण्याबरोबर उतरला. पुढचा भाग गाठीवर विश्वास ठेवून जागच्या जागी राहिला. आतून आधी कपबशा घसरल्याचा आवाज आला, मग कुकरचा, मग वहिनींचा.

लॉक चालवणाऱ्या बाई शांतपणे आल्या, गळ्यातल्या रिमोटने पाणी थांबवलं, परत भरलं, आणि बोट सरळ झाल्यावर मेहुण्याला सावकाश इंग्रजीत म्हणाल्या, "मस्यो, बोट खाली जाणार आहे. तिला जाऊ द्या."

त्या रात्री कासुले खायचं ठरलं होतं. कास्तेलनोदारी त्यासाठीच प्रसिद्ध. मातीच्या पसरट भांड्यात तासन्‌तास शिजवलेल्या पांढऱ्या बीन्स. वर्णन ऐकून वहिनींचा जीव भांड्यात पडला, कारण त्या शाकाहारी. "म्हणजे आपली घेवड्याची उसळच की!" वेटरनेही 'बीन्स? वुई, वुई' अशी ग्वाही दिली. भांडं आलं. वरच्या खरपूस पापुद्र्यात वहिनींनी चमचा घातला आणि खालून बदकाचा पाय वर आला. त्याच्या मागोमाग सॉसेज. वहिनींनी वेटरला बोलावून पाय दाखवला. त्याचा चेहरा उजळला. "वुई, मादाम!" म्हणाला. एवढा मोठा तुकडा एकाच पाहुण्याच्या वाट्याला आल्याचा त्याला आनंद झाला होता. त्या रात्री बासमतीचं पोतं उघडलं, आणि त्यावरून मेहुण्याला कोणी पुन्हा हसलं नाही.

निवांतपणाची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या बोटींमुळे होते. कालव्यात आपण एकटे असलो तर माणूस साधुपुरुष असतो. पुढे एक बोट दिसली की आत काहीतरी जागं होतं. कार्कासोनच्या अलीकडे आमच्या पुढे एक इंग्रज जोडपं होतं, निवृत्त, दोघांच्या डोक्यावर गवती हॅट. मेहुणा घड्याळ आणि किलोमीटरचे दगड बघून म्हणाला, "भाऊजी, ते 5.8 ने जातायत. आपण 6.1 करू शकतो."

"कशाला पण?"

"पुढे लॉक आहे."

हे कारण मला पटलं, याची नोंद असू द्या. मी ओव्हरटेक करायला बोट बाहेर काढली. 0.3 च्या फरकाने एक बारा मीटरची बोट दुसरीच्या पुढे काढायला किती वेळ लागतो, ते शाळेतल्या गणितात घालायला हरकत नाही. आमचं नाक त्यांच्या शेपटाशी आलं, मग मधल्या खिडकीशी, आणि बराच काळ आम्ही शेजारी शेजारी होतो. सुरुवातीला मी समोर बघून, ट्रकवाल्याच्या कठोर चेहऱ्याने चालवत होतो. पण एवढा वेळ कठोर राहता येत नाही. आजोबांनी सकाळी अकरा वाजता गुलाबी वाइनचा ग्लास उंचावला. बायकोने आणि आजींनी कुठून आलात, मुलं काय करतात, गुडघ्यांचं कसं आहे इथपर्यंत मजल मारली. आजींनी लॅव्हेंडरच्या बिस्किटांची कृती सांगितली. बायकोने ती लिहून घेतली. आम्ही अजून शेजारीच होतो.

अखेर जिंकलो. विजयी मुद्रेने लॉकपाशी पोचलो तर दार बंद. बारा वाजून बत्तीस मिनिटं झाली होती. साडेबारा ते दीड जेवणाची सुट्टी. या तासात फ्रान्समध्ये पाणीसुद्धा वाहत नाही. लॉकचा माणूस समोरच्या झाडाखाली टेबल मांडून बसला होता, टेबलावर चौकड्यांचं कापड, त्यावर पाव, चीज, टोमॅटो. मेहुण्याने घड्याळावर बोट ठेवून दोन मिनिटांचा हिशेब मांडला. त्या माणसाने सहानुभूतीने मान हलवली आणि टोमॅटो कापला. पाठीमागून इंग्रज जोडपं आलं, बोट लावली, खुर्च्या काढल्या आणि डुलक्या घेऊ लागलं. दीड वाजता दार उघडलं आणि लॉकवाल्याने दोन्ही बोटी एकाच हौदात शेजारी शेजारी उभ्या केल्या.

निवांतपणाच्या बाबतीत अमेरिकेचे थॉमस जेफरसन फार वरच्या दर्जाचे होते. 1787 साली ते फ्रान्समध्ये राजदूत होते. कालव्यावर आले तेव्हा त्यांनी आपल्या घोडागाडीची चाकं काढली आणि गाडी उचलून बोटीवर ठेवली. बोट काठावरून घोडा ओढतोय आणि हे वर गाडीच्या गादीवर बसून पत्रं लिहितायत. कंटाळा आला की खाली उतरून काठाने चालायचे. त्याच महिन्यात त्यांनी मुलीला पत्र पाठवून कधीही रिकामं बसू नये असा उपदेश केला होता, हे कळल्यावर तर ते मला आमच्याच घरातले वाटायला लागले.

कार्कासोनचीही एक गंमत आहे. कालवा खणताना त्या गावाने पैसे द्यायला नकार दिला, म्हणून रिकेने तो बाहेरून नेला. मग वर्षानुवर्षं व्यापार डोळ्यांदेखत बाहेरून जाताना बघून गावाने स्वतःच्या खर्चाने वळवून घेतला. 1810 मध्ये बोटी गावात आल्या. आमच्या सोसायटीत लिफ्टच्या वर्गणीबाबत नेमकं हेच झालं.

आता सायकलींचं. सकाळी पाव आणायला सायकलने जायचं, ही या सहलीतली सर्वांत सुंदर कल्पना. बगेतला 2022 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घातलं, कालव्याला 1996 मध्येच जागतिक वारसा केलं होतं. म्हणजे एक वारसा हँडलला अडकवून दुसऱ्या वारशाच्या काठाने यायचं. पहिल्या दिवशी मी चार बगेत घेऊन निघालो आणि बोटीवर अडीच पोचले. गरम पावाचं टोक मोडलं की पुढचं आपल्या हातात राहत नाही. तेव्हापासून वहिनी मला मोजून पैसे आणि मोजून टोकं परत आणायला सांगू लागल्या.

काठची वाट ब्रोशरमध्ये सपाट आणि सावलीची असते. सपाट ती चढ-उताराच्या अर्थाने आहे, एरवी दर काही फुटांवर प्लेनच्या झाडाची मुळं वर आलेली. त्यावरून जाताना दात आणि विचार दोन्ही वाजतात. आणि सावली पुष्कळ ठिकाणी गेली. काठावर एकूण 42,000 च्या आसपास प्लेन होती. 2006 पासून त्यांना बुरशीचा रोग लागला आणि ती रांगाच्या रांगा तोडावी लागली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या दारूगोळ्याच्या लाकडी खोक्यांतून ती बुरशी फ्रान्समध्ये आली असं मानतात. नवी रोपं लावलीत, माझ्या खांद्याला लागतील एवढी. त्यांच्या सावलीत सायकलचं फक्त पुढचं चाक मावतं.

पण एके दिवशी मला ऊनही जाणवलं नाही, कारण मी उडत होतो. त्रेबपासून पूर्वेकडे निघालो आणि पायडल आपोआप फिरायला लागली. पन्नाशीनंतर मांड्यांत असं बळ येतं हे कोणीच कसं सांगितलं नाही, असं मनात म्हणत मी आजीबाई, कुत्री, टूर द फ्रान्सचे कपडे घातलेला एक पोटवाला, सगळ्यांना मागे टाकलं. ठरलेल्या गावाच्या पुढचं गाव, मग त्याच्याही पुढचं. तिथे थाटात कॉफी प्यायलो आणि परतायला सायकल फिरवली. तेव्हा त्या बळाची माझी प्रत्यक्ष भेट झाली. त्याला सेर्स म्हणतात. पश्चिमेकडून येणारा तिथला वारा. रोमन बादशहा ऑगस्टस या भागात असताना त्याने या वाऱ्यासाठी देऊळ बांधायचा नवस केला होता. मी अर्ध्या तासात नवसाच्या पातळीला आलो. पोटवाला समोरून आला. त्याने मला ओळखलं, आणि फ्रेंच माणसाला शक्य तेवढ्या सभ्यतेने हसला. बोटीवर फोन केला तर मेहुणा म्हणाला, "तिथेच थांबा भाऊजी, आम्ही येतो तिकडे." किती वेळ लागेल विचारायचं धैर्य झालं नाही. संध्याकाळी पोचले. येताना त्यांनी पुईशेरिकजवळच्या लॉकवर तिथल्या माणसाने भंगारातून केलेले पुतळे मनसोक्त पाहिले होते, फोटो काढले होते. एक्सेलमध्ये त्याला 'अनियोजित आनंद' असा नवा रकाना पडला होता.

त्यापुढे आर्जांसपासून बेझिएच्या वेशीपर्यंत सुमारे 54 किलोमीटर एकही लॉक नाही. रिकेने डोंगराची कड धरून पाणी एकाच पातळीवर वळवत वळवत नेलं आहे. इथे सगळं निवांत होणार हे नक्की होतं. मग कापेस्तांगचा पूल आला.

हा या कालव्यावरचा सर्वांत बुटका पूल म्हणून ओळखला जातो. कमान खाली दोन्ही बाजूंना इतकी उतरते की बोट बरोबर मधोमध घातली तरच निभतं. माहितीपत्रकात लाल अक्षरांत लिहिलेलं: छत्री मिटा, टपावरच्या सायकली उतरवा. छत्री मिटली. तीन सायकली उतरवल्या. चौथीवर बायकोचा ओला पंजाबी ड्रेस वाळत होता.

"वाळू दे की जरा," ती म्हणाली. "अजून लांब आहे पूल."

इथे ताशी सहाचा एक तोटा ध्यानात घ्यावा: पूल बराच वेळ लांब असतो, आणि एकदम नसतो. मी 'आधीपासून' थांबायला सुरुवात केली, पण बोटीने तो मुद्दा विचारासाठी ठेवून घेतला. वहिनी ओरडल्या, "वाका!" आम्ही सगळे वाकलो. सायकल वाकली नाही. घंटा एकदाच वाजली. पुलावर नेहमी काही गावकरी उभे असतात, त्यांच्या करमणुकीची ती जागाच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ओढणी कमानीच्या दगडाला अडकून तिथेच राहिली आणि आम्ही पलीकडे निघालो. एका आजोबांनी ती काठीने सोडवली, सायकलवर टांग मारली आणि आरामात आम्हाला गाठून परत दिली.

बेझिएला फोंसेरानचा पाण्याचा जिना आहे, एकाखाली एक हौद, साडेएकवीस मीटर उतार. ठराविक वेळातच बोटी सोडतात आणि दोन्ही बाजूंना पर्यटकांची जत्रा असते. आइसक्रीम खात माणसं तुमचे दोर, तुमची भांडणं, तुमच्या बायकोचा सूर न्याहाळतात. जिन्याच्या शेजारी एक भलंमोठं यंत्र गंजत उभं होतं. जिन्यात फार वेळ जातो म्हणून 1983 मध्ये ते बांधलं: रबरी चाकांवरून पाण्याच्या पाचरीसकट अख्खी बोट उतारावरून ढकलत न्यायची योजना. ते सारखं बिघडायचं. शेवटी बंदच पडलं. मेहुणा त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. त्याच्या हातातला दोर आपोआप सुटत होता आणि बोट शहाण्यासारखी खाली जात होती. सगळ्या प्रवासात त्याला प्रथमच दोर जमला होता.

बोट परत केली तेव्हा तिथल्या मुलीने यादी काढली. काठी एक हरवली, बाजूला टांगायचे फुगे दोन कमी, सायकलचं हँडल वाकडं. डिपॉझिटमधून कापलेली रक्कम बघून मेहुण्याने एक्सेल मिटली. ती मुलगी मात्र हसतमुख होती. तिने फॉर्मवरचा शेवटचा प्रश्न वाचला, "सुट्टी कशी झाली?"

बायकोने ओढणी सावरली. "छान झाली," ती म्हणाली. "जरा धावपळीची."